पाठीवरची पेटी मागे ओढते, बोटांना मुंग्या येतात: देखाव्याच्या पोशाखातलं जड ओझं अंगावर नीट कसं बसवायचं

तिसरा प्रयोग संपला, पडदा पडला आणि आमचा अंतराळवीर मागे येऊन म्हणाला, "दादा, उजव्या हाताला मुंग्या आल्यात. मूठ वळत नाहीये." पोरगा १६ वर्षांचा, कबड्डी खेळणारा, एरवी कधी तक्रार न करणारा. मी पेटी उतरवली आणि त्याच्या टी-शर्टची बाही बाजूला केली. मानेपासून काखेपर्यंत दोन लालभडक वळ उठले होते. त्या रात्रीचे अजून ९ प्रयोग बाकी होते.

ही गोष्ट २०२३ च्या गणेशोत्सवातली. २३ ऑगस्टला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि १९ सप्टेंबरला गणपती बसले. मधल्या २७ दिवसांत अनेक मंडळांनी ठरलेला विषय सोडून चंद्र उभा केला, त्यात आमचंही पुण्यातलं मंडळ होतं. चांद्रयानात माणूस नव्हता हे ठाऊक होतं, म्हणून शेवटच्या प्रसंगात भविष्यातला भारतीय अंतराळवीर दाखवायचा ठरला. त्याच्या पाठीवर प्राणवायूची भलीमोठी पांढरी पेटी, तिला नळ्या, लुकलुकणारे दिवे. दिसायला पेटी सुरेख झाली होती. अंगावर मात्र ती छळ करत होती.

पुढच्या वर्षी गरुड केला, तेव्हा पंखांनी तोच त्रास दिला. त्यानंतर शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी एकांनी रावणाची डोकी करून घेतली, तिथेही तेच. दरवेळी वाटायचं की या वेळी सामान जड झालं, पुढच्या वेळी हलकं करू. दोन वर्षांनी कळलं की वजन हा रोगाचा लहान भाग होता. मोठा भाग होता ते वजन शरीरापासून किती लांब आणि कोणत्या हाडावर टेकलंय हा. जिवंत देखावे, नाटक, शोभायात्रा, कॉमिक कॉनचे (कॉमिक्स-सिनेमातल्या पात्रांचा वेश करून जमतात त्या मेळाव्यांचे) पोशाख, कशासाठीही पाठीवर काही जड बांधत असाल तर हे सगळं तुम्हालाही लागू पडेल.

आम्ही आधी केलेले उपाय

पहिला उपाय कुणालाही सुचेल तोच होता, खांद्यावरच्या पट्ट्यांखाली स्पंज घालणं. गादीवाल्याकडून दोन इंची मऊ स्पंज आणला आणि शिवून टाकला. पहिल्या प्रयोगाला मुलगा खूश होता, तिसऱ्याला मुंग्या परत आल्या. मऊ स्पंज बोटाने दाबून बघा, बोट सरळ तळाला टेकतं. ६ किलो वजनाखालीही तसंच होतं. स्पंज चेपून कागदासारखा होतो आणि पट्टा पुन्हा मांसात रुततो. शिवाय पाठ आणि पेटी यांच्यामध्ये आम्ही जो स्पंज भरला, त्याने पेटी आणखी दोन इंच मागे ढकलली गेली. मलम म्हणून लावलं आणि जखमच वाढली.

दुसरा उपाय पट्टे आवळण्याचा. पेटी मागे झुकते म्हणून खांद्याचे पट्टे करकचून ओढले, वर छातीवरून सुती दोरीने फुली बांधली. पेटी हलायची थांबली, पण मुलाला पूर्ण श्वास घेता येईना. हे अजिबात करू नका. दोरीच्या गाठी घामाने ओल्या झाल्या की सुटत नाहीत, आणि विजेच्या तारा अंगावर असताना पेटी ५ सेकंदांत उतरवता आलीच पाहिजे.

तिसरा उपाय वजन कमी करण्याचा, आणि तो योग्यच होता. भंगारवाल्याकडचा लटकता काटा आणून आधी पेटी मोजली. ९.५ किलो भरली. ६ मिमी प्लायवूडची ६० × ४५ × २५ सेंमीची पेटीच ४ किलोंच्या पुढे गेली होती. दिव्यांसाठी घातलेली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची इन्व्हर्टरछाप बॅटरी दोन किलोंहून जास्त होती. लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा वेगळा. प्लायवूडच्या जागी ५ मिमी सनबोर्ड (पाट्यांसाठी वापरतात तो हलका फोमचा बोर्ड) लावला, लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियम आणलं. पाऊण इंची चौकोनी ॲल्युमिनियम पाइप मीटरला साधारण पाव किलो भरतो, तोच लोखंडात त्याच्या जवळजवळ तिप्पट. बॅटरी काढून यूएसबीवर चालणारी दिव्यांची पट्टी आणि एक पॉवर बँक ठेवली. थर्माकोलचा विचार कुणी करत असेल तर सोडून द्या, २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. एवढं करून पेटी ६ किलोंवर आली.

मुंग्या तरीही येतच राहिल्या. तिसऱ्याऐवजी पाचव्या प्रयोगाला यायच्या, इतकाच फरक पडला.

दुखणं नक्की कुठलं?

आमच्या गल्लीत एक काका आहेत, सह्याद्रीत ४० वर्षं भटकलेले. एका संध्याकाळी मंडपात उभे राहून त्यांनी मुलाला पेटी चढवून चालायला लावलं, बाजूने पाहिलं आणि मला विचारलं, "अरे, पेटीची मापं तुला तोंडपाठ आहेत. पोराचं माप घेतलंस का?" घेतलं नव्हतं. आम्ही पेटी बनवली होती आणि मग ती कुणाच्या तरी पाठीवर बांधली होती. आता आधी माणूस मोजतो.

त्यांनी दाखवलेली परीक्षा साधी आहे. माणसाला पेटी चढवून सरळ उभं करा आणि बाजूने बघा. तो कमरेतून पुढे झुकून उभा असेल तर ओझं मागे लांब आहे. अपोलोचे अंतराळवीर चंद्रावरच्या छायाचित्रांत असेच किंचित पुढे झुकलेले दिसतात. त्यांचा सूट आणि पाठीवरची जीवरक्षक पेटी मिळून पृथ्वीवर ९० किलोंच्या आसपास भरत असे. चंद्रावर ते वजन एक षष्ठांश, म्हणजे १५ किलोंइतकंच जाणवायचं, पण पेटीमुळे शरीराचा तोल मागे सरकायचा तो सरकायचाच. म्हणून ते झुकत. आमचा मुलगाही झुकत होता, मात्र पृथ्वीवर, आणि रोज १२ वेळा.

मग मागे उभं राहून दोन्ही हातांनी पेटीचा तळ अलगद एक-दोन सेंमी उचला आणि विचारा, "कुठे बरं वाटलं?" उत्तर "खांद्याला" आलं तर सगळं वजन खांद्यावर आहे, कमरेचा पट्टा नुसता शोभेचा आहे. त्यानंतर पेटी वरच्या कडेला धरून पाठीकडे दाबा. आता आराम वाटला तर पेटी वरून मागे कलतेय, तिला वरून धरणारा पट्टा हवा. शेवटी खांद्याच्या माथ्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून बघा. नीट बसलेल्या ओझ्यात ती सहज जातात.

बोटांना मुंग्या येतात त्याचं कारण कळलं की ती का चालवून घ्यायची नाही हेही कळतं. मानेतून निघणारा नसांचा जुडगा गळपट्टीच्या हाडाखालून हाताकडे जातो. खांद्याचा पट्टा नेमका त्या भागावर दाब देतो. जड पिशव्या वाहणाऱ्या सैनिकांमध्ये आणि गिर्यारोहकांमध्ये हा त्रास डॉक्टरांना जुना माहीत आहे, आणि दुर्लक्ष केलं तर हाताची ताकद काही दिवस, कधी काही आठवडे कमी राहू शकते. म्हणून मुंग्या आल्या की प्रयोग थांबवायचा. पुढच्या प्रयोगाला पेटी न लावता अंतराळवीर पाठ न दाखवता उभा राहील. प्रेक्षकांना चालतं.

एक छोटा हिशेब

पेटीचा गुरुत्वमध्य पाठीपासून किती लांब आहे ते काढा. पेटी आडवी करून एका गोल पाइपवर ठेवा आणि ती कुठे तोलून राहते तिथे खूण करा. त्या खुणेपासून पेटीच्या आतल्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. त्यात भिंत आणि पाठ यांच्यामधली फट मिळवा.

आमचं उत्तर २२ सेंमी आलं. पेटीचं अर्ध १२.५, स्पंज ५, आणि ढिल्या पट्ट्यांनी पडलेली फट साडेचार. हे ६ किलो वजन २२ सेंमी लांबून मागे खेचतं आणि त्याला आवरतात कमरेच्या ४५ सेंमी वर असलेले खांदे. ६ गुणिले २२ भागिले ४५, म्हणजे जवळजवळ ३ किलोंची मागे जाणारी ओढ खांद्यांवर सतत, आणि ही उभ्या वजनाखेरीज वेगळी. आता तीच पेटी, तेवढंच वजन, पण स्पंज काढला, पेटी पाठीला लगटून बसवली, पॉवर बँक बाहेरच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीला खाली चिकटवली. अंतर ११ सेंमी झालं आणि ओढ दीड किलोवर आली. एक ग्रॅमही कमी न करता ओढ निम्मी.

म्हणून पेटीत जे जे जड आहे ते पाठीकडच्या भिंतीला लावा. बाहेरची बाजू जितकी पोकळ तितकं बरं. प्रेक्षकाला बाहेरची बाजू दिसते, तिथे नळ्या, बटणं, अक्षरं काय हवं ते करा, पण सगळं फोमचं आणि सनबोर्डचं.

माणसाचं माप

मान खाली घालायला सांगा. मानेच्या मुळाशी एक मणका ठळक वर येतो, तो वरचा बिंदू. मग दोन्ही हात कमरेवर ठेवायला सांगा, अंगठे मागे. बोटं कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर टेकतात. मागे दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा हा खालचा बिंदू. पाठीच्या वळणावरून टेप ठेवून दोन्हींमधलं अंतर मोजा. आमच्या पोराचं ४३ सेंमी निघालं. पेटीचे खांद्याचे पट्टे आणि कमरेचा पट्टा यांच्यात आम्ही ठेवलेलं अंतर होतं ५२. कमरपट्टा मांडीच्या वर लोंबत होता आणि आम्ही त्याला सैल झालाय म्हणून आवळत होतो.

वजनाचा हिशेबही माणसाकडूनच करा. शालेय दप्तरासाठी केंद्राच्या २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. १८ वर्षांखालच्या कलाकाराला मी आता तीच लावतो. ५५ किलोंच्या मुलाला साडेपाच किलो. त्यापुढे पेटी जात असेल तर मोठा माणूस उभा करा किंवा पेटी फोडून नव्याने करा.

ओझं कमरेवर उतरवायचं

अमेरिकेत डिक केल्टी नावाच्या माणसाने १९५२ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या पाठपिशव्या विकायला सुरुवात केली. त्याची एक गोष्ट सांगतात. डोंगरात चालताना त्याच्या सोबत्याने सांगाड्याच्या खालच्या दांड्या पँटच्या मागच्या खिशांत खुपसल्या आणि खांदे एकदम हलके झाले. त्यातून कमरेच्या पट्ट्याची कल्पना पक्की झाली. १९७३ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारलेल्या ॲलिस नावाच्या साधनसंचात ॲल्युमिनियम नळ्यांचा सांगाडा होता. परदेशात पोशाख करणारे लोक पाठीवरच्या जड वस्तूंसाठी आजही त्यालाच पसंती देतात. आपल्याला तो शोधत बसायची गरज नाही. तत्त्व घ्या: ताठ सांगाडा, त्याच्या तळाशी कमरपट्टा, वजन हाडावर.

खरं तर आपल्याला हे परकं नाही. ढोल पथकातली आमच्याकडची मुलं ढोल बांधण्याआधी कमरेला जाड कापड घट्ट गुंडाळतात. हंडा डोक्यावर घेणारी बाई आधी चुंबळ ठेवते. ओझं आणि हाड यांच्यामध्ये दाब पसरवणारं काहीतरी लागतं आणि ते मऊ नसतं, घट्ट असतं. ती चुंबळ आम्ही कमरेला बांधायला विसरलो होतो, इतकंच.

सांगाडा असा केला. ॲल्युमिनियमच्या पाऊण इंची चौकोनी पाइपच्या दोन उभ्या दांड्या, मधलं अंतर २८ सेंमी, वर-खाली आणि मध्ये आडव्या. कोपऱ्यांना आतून एल पट्टी आणि पॉप रिव्हेट. आडव्या दांड्या पाठीला टेकू द्यायच्या नाहीत, मणक्याला ठोसा बसतो. त्यासाठी दोन उभ्या दांड्यांच्या मध्ये दोन ठिकाणी नवार ताणून बांधली, खाटेला बांधतात तशी. एक फळ्यांच्या उंचीवर, म्हणजे खांद्यामागच्या दोन चपट्या हाडांवर, आणि दुसरी माकडहाडाच्या वर. रुंदी ८ सेंमी. पाठ नवारीवर टेकते, मणक्यावर काहीच येत नाही आणि मधून वारा जातो. हा बदल मला सर्वांत आवडला. आधी प्रयोगागणिक भिजणारा टी-शर्ट आता सगळ्या संध्याकाळी दोनच लागतात. नवार मात्र खूप ताणून बांधा, बोटाने दाबली तर तिने आडव्या दांडीपर्यंत जाऊ नये. रोज थोडी सैल पडते, म्हणून टोकाला सरकतं बकल ठेवा.

कमरपट्ट्यासाठी एखादी फाटकी ट्रेकिंगची सॅक मिळाली तर सोनं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फेरी मारली की कधी कधी मिळते. फक्त पट्टे काढून घ्या. नाही मिळाली तर बॅग शिवणाऱ्याकडे जा आणि त्याला १० सेंमी रुंद, आत १० मिमी घट्ट ईव्हीए फोम, बाहेरून जाड कॅनव्हास, आतल्या बाजूला खरखरीत कापड असा पट्टा शिवायला सांगा. रेक्झिन नको, घामाने निसटतं. फोम कोणता? स्लीपरच्या तळव्याला असतो तसा, दाबल्यावर हळूच परत येणारा. पुढे क्लिकचं मोठं बकल. पट्टा सांगाड्याच्या तळाला दोन ठिकाणी, मध्ये ३० सेंमी अंतर ठेवून पक्का करा. एकाच बिंदूवर अडकवला तर पेटी घंटेच्या लोलकासारखी डुलते.

पट्ट्याची रुंदीची मधली रेषा कमरेच्या हाडाच्या काठावर आली पाहिजे. म्हणजे पट्ट्याचा अर्धा भाग हाडाच्या वर, अर्धा खाली. बकल बेंबीच्या खाली येतं. बेंबीवर आलं तर पोट दाबलं जाईल, जेवून आलेल्या कलाकाराला विचारा. सडपातळ मुलांना कमरेला काठच नसतो, पट्टा सरळ खाली घसरतो. तिथे ढोलवाल्यांची युक्ती कामी येते. सुती उपरणं तीन फेरे घट्ट गुंडाळून वर पट्टा बांधा.

खांद्याचे पट्टे कुठे जोडायचे

सगळ्यांत जास्त चुका इथेच पाहिल्या आहेत. लोक पट्टे पेटीच्या वरच्या काठाला ठोकतात कारण तिथे ठोकणं सोपं असतं. पट्टा खांद्यावरून सरळ वर जातो आणि खांद्याला खाली ओढण्याऐवजी मागे ओढतो. पट्ट्याने खांद्यावरून मागे वळून थोडं खाली जाऊन सांगाड्याला भेटावं, खांद्याच्या माथ्यापासून ३ ते ५ सेंमी खाली. दोन पट्ट्यांमध्ये मानेमागे १० ते १२ सेंमी अंतर. कमी ठेवलं तर मानेला घासतो, जास्त ठेवलं तर खांद्याच्या टोकावरून सुटतो.

खालचं टोक सांगाड्याच्या तळाशी, जितकं बाहेर जाईल तितकं, म्हणजे पट्टा काखेत शिरत नाही. पट्ट्याची रुंदी ६ ते ७ सेंमी, फोम तोच घट्ट ८ मिमीचा.

मग तो छोटा वरचा पट्टा. ट्रेकिंगच्या सॅकला खांद्याच्या पुढच्या भागापासून वर मागे सांगाड्याकडे जाणारी एक बारीक पट्टी असते. बहुतेकांना ती कशासाठी आहे हे माहीत नसतं. सांगाड्याच्या दांड्या खांद्याच्या वर साधारण कानाच्या उंचीपर्यंत न्या, तिथून ही पट्टी ४५ अंशांच्या आसपास तिरकी खाली खांद्याच्या पट्ट्यावर आणा. ती थोडी ओढली की पेटीचा माथा पाठीकडे येतो. मागे कलणाऱ्या पेटीवरचा हा खरा इलाज आहे. आम्ही जी छातीवरची फुली बांधत होतो ती हेच काम वाईट पद्धतीने करत होती. फक्त वरच्या दांड्या हेल्मेटमागे दिसतील म्हणून पेटीच्या माथ्यात लपवा. आम्ही दोन्ही टोकांना पांढरी टोपणं लावून त्यांनाच अँटेना केलं.

छातीवरचा आडवा पट्टा पातळ असला तरी चालतो. तो वजन घेत नाही, खांद्याचे पट्टे बाहेर घसरू देत नाही. बगलेच्या उंचीवर, सैलसर.

चढवण्याचा क्रम

हा क्रम पाळला नाही तर वरची सगळी मेहनत वाया जाते, आणि विंगेतल्या धावपळीत तो पहिला विसरला जातो. आधी सगळे पट्टे सैल. मागून एकजण पेटी उचलून धरतो. कलाकार थोडा पुढे वाकतो, कमरपट्टा हाडावर ठेवून आवळतो आणि सरळ होतो. आता पेटी कमरेवर उभी आहे. त्यानंतरच खांद्याचे पट्टे ओढायचे, फट बंद होण्यापुरते. मग वरच्या तिरक्या पट्ट्या, शेवटी छातीची. उतरवताना बरोबर उलटं. खांद्याचे पट्टे आधी ओढले तर वजन तिथेच अडकून बसतं, कमरपट्टा कितीही आवळा.

आमच्याकडे दोन मुलं आळीपाळीने अंतराळवीर होतात. एकाच्या मापाला लावलेले पट्टे दुसऱ्याला लागत नाहीत. एकाच्या जागेवर लाल, दुसऱ्याच्या जागेवर निळी अशी मार्करने खूण केली. ३० सेकंदांत अदलाबदल होते.

पोशाख आणि पेटी यांचं भांडण

चंदेरी पॅराशूट कापडाचा सूट इतका गुळगुळीत असतो की त्यावर कुठलाही पट्टा टिकत नाही. सुरुवातीला आम्ही सूटवरून पट्टे बांधले आणि प्रत्येक प्रयोगाला पेटी एक बोट खाली उतरायची. आता सगळे पट्टे सूटच्या आत, सुती टी-शर्टवर. सूटच्या पाठीला चार चिरा पाडल्या, त्यांच्या कडा दुहेरी कापडाने मढवल्या आणि सांगाड्यावरचे चार बोल्ट त्यातून बाहेर काढले. पेटी बाहेरून त्या बोल्टवर बसते, पंखासारखे हाताने फिरवायचे नट लावले की झालं. असं केल्याने कलाकार दोन प्रयोगांच्या मध्ये फक्त पेटी काढून खुर्चीत बसू शकतो, पूर्ण पोशाख सोडावा लागत नाही. सूट आधीच शिवलेला असेल आणि चिरा पाडायला मन होत नसेल, तर गालिचा सरकू नये म्हणून खाली घालतात ती जाळीदार रबरी मॅट कापून कमरपट्ट्याच्या आतून शिवा. बरंच निभावतं.

सनबोर्डला थेट बोल्ट लावू नका. दोन दिवसांत भोक मोठं होतं आणि पेटी खडखडायला लागते. बोर्डाच्या आत-बाहेर ॲल्युमिनियमच्या २५ मिमी पट्ट्या, मध्ये बोर्ड, असं सँडविच करून बोल्ट ओवा. बाकी ठिकाणी नायलॉन बसवलेले नट घ्या, ते हादऱ्याने सैल होत नाहीत. बोल्टची टोकं पाठीकडे येत असतील तर कापून, घासून त्यावर रबरी टोपी. एका मुलाच्या पाठीवर ओरखडा उठला तेव्हा आम्हाला हे सुचलं, त्याआधी सुचायला हवं होतं.

पंख आणि डोकी

गरुडाच्या पंखांना आणखी एक ओढ असते, बाजूची. पंख १ मीटर बाहेर गेला की वळताना तो सांगाड्याला पिळतो आणि शोभायात्रेत वारा आला की शिडासारखा भरतो. तिथे उभ्या दांड्यांमधलं अंतर वाढवून, मध्ये तिरका आधार टाकून सांगाडा पिळवटणार नाही असा करा, आणि पंखांच्या पिसांमध्ये फटी ठेवा. वारा आरपार गेला पाहिजे.

रावणाची डोकी खांद्यावर टेकवायचा मोह होतो. टेकवू नका. पाठीच्या सांगाड्यातून वर एक आडवी दांडी काढा आणि डोकी तिच्यावर. खांदे मोकळे राहिले तर कलाकाराला हात वर करून गर्जना करता येते, आणि रावणाला तेवढं तर हवंच.

सगळं जोडून झालं की गणपतीच्या किमान ८ दिवस आधी कलाकाराला पूर्ण पोशाखात २० मिनिटं चालवा, बसवा, पायऱ्या चढवा. खांद्यावरचे वळ अर्ध्या तासात गेले तर ठीक. राहिले तर पट्टे पुन्हा बघा.

आमच्या पेटीत एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मंडपाच्या मागच्या उभ्या शिडीवर चढताना पेटीचा खालचा काठ मुलाच्या मांडीमागे लागतो. तळ ४ सेंमी वर कापला तर दिव्यांची खालची ओळ जाते. सध्या शिडीऐवजी उताराची फळी लावली आहे, आणि पोरगा १२ व्या प्रयोगानंतर पेटी काढून स्वतः वडापाव आणायला जातो.